जिवाणू तोच, पोट वेगळं

१९८८ साली रॉबर्ट ल्यूंक या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाच्या जठरात राहणारा एक वाकडातिकडा जिवाणू त्यांनी द्रवात वाढवला. मग एकही जिवाणू पलीकडे जाऊ नये इतक्या बारीक गाळणीतून तो द्रव गाळला आणि खाली आलेलं नितळ पाणी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घातलं. काही तासांत पेशींमध्ये लहानमोठ्या पोकळ्या दिसू लागल्या. तव्यावरच्या घावनाला जाळी पडावी तशी एकेका पेशीला जाळी पडली होती. जिवाणू तिथे हजर नव्हता, पण त्याने द्रवात सोडलेलं काहीतरी पेशींना आतून पोखरत होतं.

वेगवेगळ्या रुग्णांच्या जठरांतून मिळालेले जिवाणू असे एकामागून एक तपासल्यावर मात्र कोडं पडलं. निम्म्याहून थोड्या जास्त नमुन्यांनीच पेशींना जाळी पाडली. बाकीच्यांचा द्रव कितीही घाला, पेशी जशाच्या तशा. नाव एक, रूप एक, राहण्याची जागा एक, तरी काहींकडे विष होतं आणि काहींकडे नव्हतं.

या जिवाणूची जगाला ओळख होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना ११ जून १९७९ रोजी, त्यांच्या ४२व्या वाढदिवशी, जठराच्या एका तुकड्याच्या पृष्ठभागावर निळसर रेषा दिसली. भिंग वाढवून पाहिलं तर ती जिवाणूंची दाटी होती. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकूच शकत नाहीत, हे तेव्हा वैद्यकाच्या पहिल्या वर्षापासून शिकवलं जाई. त्यामुळे वॉरन यांच्या सहकाऱ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. १९८१मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी १०० रुग्णांचा अभ्यास आखला. तुकड्यांतून जिवाणू वाढवण्याचे पहिले ३४ प्रयत्न फसले, कारण प्रयोगशाळेत दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशी टाकून द्यायचा रिवाज होता. १९८२च्या ईस्टरच्या सुटीत एक बशी पाच दिवस तशीच उबवणीत राहिली आणि तिच्यावर जिवाणूंच्या वसाहती उगवल्या. हा जिवाणू सावकाश वाढणारा होता, एवढंच.

लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेले १३ रुग्ण त्या अभ्यासात होते आणि १३च्या १३ जणांत हा जिवाणू सापडला. तरी पोटविकारतज्ज्ञ मानेनात. अल्सर म्हणजे ताण, तिखट, जागरण आणि आम्ल. त्यावर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, आणि त्यांनीही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. ही चौकट पक्की होती. १९८४मध्ये मार्शल यांनी वाढवलेल्या जिवाणूंचा पेलाभर काढा स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं तर निरोगी जठराला सूज आलेली आणि तिथे जिवाणू हजर. ही गोष्ट जगभर इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला एक तपशील नेहमी मागे पडतो. मार्शल यांना अल्सर झाला नाही. सूज आली आणि त्यांनी उपचार घेतले. सुजेनंतर काय व्हायचं, हे त्या पेल्यावरून कळणार नव्हतं.

मला या साऱ्या इतिहासात तो न झालेला अल्सर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण पुढच्या काही वर्षांत जगभरातले आकडे येऊ लागले आणि ध्यानात आलं, की जवळजवळ निम्म्या मानवजातीच्या जठरात हा जिवाणू आहे. १९९०च्या दशकात मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधली गेली, तेव्हा विशी गाठण्याआधीच बहुतेकांना त्याची लागण झालेली दिसली. एकदा लागण झाली की उपचाराशिवाय तो सहसा जात नाही. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. शंभरातल्या दहा-पंधरा जणांना अल्सर होतो, एक-दोघांना जठराचा कर्करोग. १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात बसवलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला. पण लागण झालेल्या नव्वद जणांना सोडून तो दहा जणांनाच का छळतो, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ल्यूंक यांच्या जाळीदार पेशींनी त्या उत्तराची पहिली दिशा दाखवली. कदाचित काही जिवाणू जात्याच उग्र असतील, आणि तो उग्रपणा त्यांच्या जनुकांत लिहिलेला असेल.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी, व्हँडरबिल्ट विद्यापीठात मार्टिन ब्लेझर आणि टिमथी कव्हर यांनी हे काम हाती घेतलं. पेशींत पडलेल्या पोकळ्या एका लाल रंगाला ओढून घेतात, म्हणून किती लाली चढली त्यावरून विष किती, हे मोजता येऊ लागलं. १९९२मध्ये त्यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते एक प्रथिन निघालं आणि त्याच्या जनुकाला ‘व्हॅक-ए’ म्हणू लागले. हे जनुक ओळखून त्याची अक्षरं वाचण्याचं काम १९९३-९४च्या सुमाराला एकाच वेळी तीन-चार गटांनी पुरं केलं. त्यांतल्या एका शोधनिबंधाच्या पहिल्या लेखकाचं आडनाव फडणीस आहे, हे वाचून मराठी माणसाची नजर क्षणभर थबकतेच.

आता अपेक्षा अशी, की विषारी वाणांत हे जनुक असेल आणि बिनविषारी वाणांत नसेल. तसं निघालं नाही. जनुक जवळजवळ सगळ्याच वाणांत होतं. १९९५मध्ये जॉन अ‍ॅथर्टन यांनी दाखवलं, की फरक जनुकाच्या घडणीत आहे. त्याच्या सुरुवातीच्या भागाचे दोन मुख्य प्रकार, ‘एस-१’ आणि ‘एस-२’. मधल्या भागाचे दोन, ‘एम-१’ आणि ‘एम-२’. ‘एस-१’ आणि ‘एम-१’ एकत्र आले की विष जहाल. ‘एस-२’ असेल तर जाळी पडतच नाही. अल्सरच्या रुग्णांत ‘एस-१’ वाण जास्त सापडत होते. चित्र स्वच्छ दिसू लागलं होतं.

दरम्यान दुसरा एक धागा हाती आला होता. विषारी वाणांच्या द्रवात आणखी एक मोठं प्रथिन सापडे आणि अल्सरच्या रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं जास्त असत. इंग्लंडात लीड्स इथे जीन क्रॅबट्री यांना जठराच्या अस्तरातही तशीच प्रतिपिंडं दिसली. १९९३मध्ये नॅशव्हिलच्या गटाने आणि इटलीत सिएना शहरातल्या अँटोनेल्लो कोवाच्ची व रिनो राप्पुओली यांच्या गटाने एकाच वर्षी या प्रथिनाचं जनुक शोधून काढलं. त्याला ‘कॅग-ए’ नाव मिळालं. आणि हे जनुक खरोखरच काही वाणांत होतं, काहींत नव्हतंच. युरोप-अमेरिकेत साधारण साठ-सत्तर टक्के वाणांत ते सापडे आणि अल्सर व कर्करोगाच्या रुग्णांत त्याहून जास्त. उग्र आणि सौम्य वाण वेगळे करणारी खूणच सापडली, असं वाटण्यासारखी ती परिस्थिती होती.

हवाईतल्या एका अभ्यासाने या समजाला मोठं बळ दिलं. तिथे राहणाऱ्या जपानी वंशाच्या ५,९०८ पुरुषांचं रक्त १९६७ ते १९७० या काळात घेऊन गोठवून ठेवलं होतं. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्यातल्या १०९ जणांना जठराचा कर्करोग झाला. जुन्या कुप्या बाहेर काढून तपासल्या, तर कर्करोग झालेल्यांपैकी ९४ टक्के लोकांना तेव्हाच या जिवाणूची लागण झालेली होती; तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी लोकांत हे प्रमाण ७६ टक्के होतं. हे १९९१चं काम. १९९५मध्ये ब्लेझर आणि सहकाऱ्यांनी त्याच कुप्यांत ‘कॅग-ए’ची प्रतिपिंडं शोधली. ती ज्यांच्यात होती त्यांचा धोका, फक्त ‘कॅग-ए’ नसलेल्या वाणाची लागण असणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. आजार होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच्या रक्तात ती खूण उमटलेली होती, हे त्या कामाचं मोल.

सिएनाच्या गटाने पुढे १९९६मध्ये दाखवलं, की ‘कॅग-ए’ एकटं नाही. जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४० हजार अक्षरांचा एक सलग तुकडा आहे, त्यात तीसेक जनुकं आहेत आणि त्या तुकड्याची घडण बाकी गुणसूत्रापेक्षा वेगळी आहे. दूरच्या भूतकाळात कुठल्या तरी दुसऱ्या जिवाणूकडून तो आलेला असावा. शास्त्रज्ञ त्याला बेट म्हणतात. १९९७मध्ये या जिवाणूची संपूर्ण जनुकमाला वाचली गेली: सुमारे १६ लाख ७० हजार अक्षरं, १,६०० च्या आसपास जनुकं. वाचलेला वाण होता इंग्लंडमधल्या जठराला सूज असलेल्या एका रुग्णाचा. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या अल्सरच्या एका रुग्णाचा वाण वाचला गेला. एकाच जातीच्या जिवाणूच्या दोन वाणांची संपूर्ण जनुकमाला शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची ही पहिलीच वेळ. एकाला नुसती सूज, दुसऱ्याला अल्सर. तेव्हा फरक उघड्यावर पडायला हवा होता. दोघांकडेही ते बेट होतं. सहा-सात टक्के जनुकं एकात होती, दुसऱ्यात नव्हती, पण त्यांतलं कुठलंच अल्सरकडे बोट दाखवत नव्हतं.

बेट करतं काय, हे २०००मध्ये म्यूनिकला कळलं. त्यातली बहुतेक जनुकं मिळून जिवाणूच्या अंगावर सुईसारखी एक यंत्रणा उभी करतात. जिवाणू जठराच्या पेशीला चिकटतो, सुई टेकवतो आणि ‘कॅग-ए’ प्रथिन थेट पेशीच्या आत ढकलतो. आत गेल्यावर पेशीचीच रसायनं त्या प्रथिनाला सक्रिय करतात. सपोरोच्या होक्काइदो विद्यापीठात मासानोरी हाताकेयामा यांनी २००२मध्ये पुढची कडी जुळवली. सक्रिय झालेलं हे प्रथिन पेशीतल्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या एका प्रथिनाला पकडतं आणि त्याला सतत चालू ठेवतं. पेशी आपला गोलसर आकार सोडून लांबट, टोकदार होते. जपानी आणि चिनी वाणांतल्या ‘कॅग-ए’ची ही पकड पाश्चात्त्य वाणांपेक्षा घट्ट असते, कारण त्याच्या शेवटच्या भागात काही अक्षरं वेगळी आहेत. २००८मध्ये याच गटाने जिवाणूचं फक्त हे एक प्रथिन बनवणारे उंदीर तयार केले. जिवाणूचा मागमूस नसताना त्यांतल्या काहींना जठराचा कर्करोग झाला. ‘कॅग-ए’ निर्दोष आहे, असं यानंतर कुणी म्हणू शकत नाही आणि मीही म्हणत नाही.

ज्या म्यूनिकमध्ये ही सुई सापडली, तिथे ते काम मॅक्स फॉन पेटनकोफर यांच्या नावाच्या संस्थेत झालं. हे पेटनकोफर म्हणजे १८९२मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी कॉलऱ्याचे जिवाणू असलेलं पाणी प्यायलेले शास्त्रज्ञ. नुसत्या जंतूने आजार होत नाही, त्याला जागा, जमीन आणि माणूसही तसाच लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना थोडे जुलाब झाले, एवढंच. कॉलऱ्याच्या बाबतीत ते चुकले आणि जंतूलाच कारण मानणारे रॉबर्ट कॉख बरोबर ठरले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्या चुकीबरोबर पुरून टाकायला नको होता. जठराच्या जिवाणूने तो शंभर वर्षांनी पुन्हा वर काढला, आणि तो काढायला मोठी मदत झाली कोलकात्याची.

कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेत आशिष मुखोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये ७८ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५५ वाण अल्सरच्या रुग्णांचे, २३ तुलनेने सौम्य तक्रारी असलेल्यांचे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘कॅग’ बेट आणि ‘एस-१’ ही जोडी पहिल्या गटात भरपूर आणि दुसऱ्यात विरळ असायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांत ती ८० ते ९० टक्के वाणांत सापडली. आजार असो वा नसो, जिवाणू शस्त्रसज्जच. आणखी एक जनुक आहे, ‘आइस-ए’. त्याचे दोन प्रकार. पश्चिमेत पहिल्या प्रकाराचा अल्सरशी थोडासा संबंध दिसत होता. कोलकात्यात थोडा संबंध दिसला तो दुसऱ्या प्रकाराचा. नियम नुसता लागू पडला नाही असं नव्हे, तो उलटा झाला.

जपानमधून तर याआधीच तशी बातमी येत होती. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त वाणांत ‘कॅग-ए’ असतं, मग रुग्ण अल्सरचा असो, कर्करोगाचा असो, की नुसत्या सुजेचा. योशिओ यामाओका यांनी पूर्व आशियातल्या वाणांवर केलेल्या कामातही ‘व्हॅक-ए’च्या प्रकारांवरून आजार ओळखता आला नाही. पुढे २००५मध्ये यामाओका आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या अल्सरशी जोडलेलं ‘डूप-ए’ हे जनुक जाहीर केलं. काही देशांत ते जुळलं, काही देशांत जुळलं नाही. तोवर हा क्रम ओळखीचा झाला होता. नवं जनुक सापडायचं, एका शहरातल्या रुग्णालयात त्याचा आजाराशी संबंध लागायचा, आणि दुसऱ्या खंडात तो संबंध विरून जायचा.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. उग्र आणि सौम्य ही वर्गवारी ज्या माणसांच्या जिवाणूंवरून ठरली, ती माणसं नॅशव्हिलची, सिएनाची, लीड्सची होती. तिथे दोन्ही प्रकारचे वाण शेजारी शेजारी राहत होते, म्हणून तुलना जमली. त्या तुलनेत खोट नव्हती. खोट होती ती तिला अख्ख्या मानवजातीचा नियम समजण्यात. जिथे जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात उग्र वाण आहे तिथे उग्र वाण ही खूण काहीच सांगत नाही, हे समजायला मोठं गणित लागत नाही. तरी आपल्याकडच्या कित्येक निबंधांत ‘कॅग-ए’ सापडलं, म्हणजे वाण घातक, हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जात राहिलं. मुखोपाध्याय यांच्या निबंधाच्या सारांशाचा शेवट भारतीय आणि इतर पाश्चात्त्येतर वाणांच्या अभ्यासाचं महत्त्व सांगून होतो. सौम्य शब्दांत केलेली ती रास्त तक्रार आहे.

भारतात आणखी एक कोडं होतं. लागण इतकी सार्वत्रिक, वाण असे शस्त्रसज्ज, तर जठराच्या कर्करोगाचा डोंगर दिसायला हवा. जपान आणि कोरियाच्या तुलनेत भारतात तो बराच कमी आहे. आफ्रिकेतल्या अनेक भागांतही असंच, आणि त्यावर १९९२पासून वाद चालू आहे. शिवाय भारतही एकसारखा नाही. चेन्नईत हा कर्करोग मुंबईपेक्षा जास्त आणि मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात तर देशात सर्वांत जास्त. मिझोरममध्ये नुसत्या जिवाणूकडे बोट दाखवता येत नाही. तिथल्या आहारात धुरावलेलं, खारवलेलं मांस आहे आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं ‘तुइबूर’ नावाचं पाणी तोंडात धरण्याची सवय आहे. या सवयींचा तिथल्या कर्करोगाशी संबंध संशोधकांनी दाखवला आहे.

मग माणसाच्या बाजूने पाहायला सुरुवात झाली. २०००मध्ये इमाद अल-ओमर यांनी स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांचा अभ्यास करून दाखवलं, की शरीरात दाह भडकवणाऱ्या एका प्रथिनाच्या मानवी जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना हा कर्करोग जास्त होतो. दाह भडकला की आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, आम्ल कमी होतं, जिवाणू जठरभर पसरतो आणि अस्तर हळूहळू बदलत जातं. लहान आतड्याच्या अल्सरमध्ये नेमकं उलटं असतं: सूज जठराच्या खालच्या टोकाशी मर्यादित राहते आणि आम्ल वाढतं. एकच जिवाणू, पण सूज कुठे बसते त्यावर दोन विरुद्ध आजार. म्हणूनच लहान आतड्याचा अल्सर असलेल्या माणसाला जठराचा कर्करोग होण्याची शक्यता इतर लागण झालेल्यांपेक्षा कमी असते. पित्त वाढलं म्हणून वर्षानुवर्षं हैराण झालेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल.

सगळे धागे एका ठिकाणी आणणारा अभ्यास कोलंबियात झाला. त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नारिन्यो प्रांत आहे. समुद्रकाठी तुमाको, अँडीजच्या डोंगरात तुकेरेस. दोन्हीकडे जवळजवळ नव्वद टक्के लोकांना लागण. पण तुकेरेसमध्ये जठराचा कर्करोग तुमाकोच्या सुमारे २५ पट. पेलायो कोरेआ या कोलंबियन विकृतिशास्त्रज्ञाने आयुष्यातली कित्येक दशकं या प्रांतावर खर्च केली. सूज, मग ग्रंथींची झीज, मग अस्तराचा बदल, मग कर्करोग ही पायरी-पायरीने उतरणारी साखळी वैद्यकाला त्यांनीच दाखवली.

तुमाकोचे लोक बहुतांश आफ्रिकी वंशाचे, गुलामांच्या जहाजांतून आणलेल्या माणसांचे वंशज. तुकेरेसचे लोक बहुतांश मूळच्या अमेरिकी आदिवासी वंशाचे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी एकेका माणसाच्या जठरातल्या जखमेची पायरी, त्या माणसाचा वंश आणि त्याच्या जिवाणूचा वंश हे तिन्ही एकत्र मांडले. जिवाणूचाही वंश काढता येतो, कारण साठेक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघालेल्या माणसांबरोबर तो निघाला आणि घराघरात आईबापांकडून मुलांकडे जात त्या-त्या समूहाबरोबर बदलत गेला. आफ्रिकी वंशाच्या माणसात आफ्रिकी वंशाचा जिवाणू बराच निरुपद्रवी राहिला. तोच आफ्रिकी वंश जिवाणूत असेल आणि माणूस आदिवासी वंशाचा असेल, तर जखम गंभीर. डोंगर आणि किनारा यांच्यातला फरक नुसत्या ‘कॅग-ए’वरून जितका उलगडत नव्हता, तितका या जुळण्या-न जुळण्यावरून उलगडला. हजारो वर्षं ज्यांनी एकमेकांना सोसलं त्यांची घडी बसलेली होती. वसाहतींच्या काळात स्पॅनिश आणि आफ्रिकी जिवाणू आदिवासींच्या पोटात शिरले, आणि तिथे ती घडी नव्हती. त्या काळाचे परिणाम आजच्या बायोप्सीच्या काचपट्टीवर दिसतात, याने मी फार अस्वस्थ होतो.

जिवाणूचा वंश शोधताना भारताशी जोडलेली एक गोष्टही पुढे आली. ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर हिमनदीत सापडलेल्या, ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या जठरातून २०१६मध्ये हा जिवाणू वाचला गेला. त्याच्याकडे ‘कॅग-ए’ होतं, ‘एस-१’ होतं आणि जठरात दाहाची प्रथिनंही सापडली. त्याचा वाण आजच्या युरोपातल्या वाणांसारखा नव्हता; तो आज मध्य आणि दक्षिण आशियात सापडणाऱ्या गटातला होता. आजचे युरोपी वाण त्यानंतर आफ्रिकी वाणांशी झालेल्या सरमिसळीतून आले. कोलकात्याच्या वाणांतलं ‘कॅग-ए’ पूर्व आशियापेक्षा पाश्चात्त्य वाणांना जवळचं का, याचा एक धागा त्या गोठलेल्या माणसाच्या पोटातून मिळाला.

दवाखान्यात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. कुणाच्या पोटातला वाण उग्र आणि कुणाचा सौम्य हे ओळखून फक्त उग्रांवर उपचार करायचे, असा १९९०च्या दशकातला बेत होता. तो प्रत्यक्षात आला नाही. जपानने फेब्रुवारी २०१३मध्ये नुसती सूज असलेल्या रुग्णांचे उपचारही विम्यात घेतले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्योतोच्या सर्वसहमतीने या जिवाणूमुळे येणारी जठराची सूज हा संसर्गजन्य आजारच मानला आणि दुसरं काही आड येत नसेल तर लागण झालेल्याला उपचार द्यावेत, असं सांगितलं. त्यात ‘कॅग-ए’ची अट नाही. आपल्याकडे दुर्बिणीच्या तपासणीत घेतलेला तुकडा एका छोट्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. तो गुलाबी झाला की लागण आहे. अहवालात तेवढंच लिहिलेलं असतं.

भारतात सगळ्यांना उपचार देणं शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. लोकसंख्येचा एवढा मोठा हिस्सा प्रतिजैविकांवर ठेवता येत नाही आणि बऱ्या झालेल्यांना पुन्हा लागण होण्याची भीती राहतेच. औषधं तर आधीच निसटू लागली आहेत. मुखोपाध्याय यांच्या त्याच ७८ वाणांपैकी सुमारे ९० टक्के वाण मेट्रोनिडॅझोल या स्वस्त आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाला दाद देत नव्हते, आणि हे २०००चं चित्र. आता क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या औषधाची तीच चिंता आहे. म्हणून जिवाणूची जनुकं आज रुग्णासाठी तपासली जातात, तेव्हा बहुतेक वेळा ‘व्हॅक-ए’ किंवा ‘कॅग-ए’ कुणी शोधत नाही. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या एका जनुकात २१४२ आणि २१४३ या जागांवरची अक्षरं बदलली आहेत का, एवढं पाहतात. ती बदलली असतील तर क्लॅरिथ्रोमायसिन चालणार नाही आणि डॉक्टर दुसरं औषध लिहितात.